पंधरा चिंचोके आणि एक काचेची नळी

हे प्रकरण खरं तर नववं असायला हवं होतं. माझ्या वहीच्या पहिल्या पानावर अनुक्रमणिका आहे. तिच्यात आधी शाळा, मग आजोळ, मग लग्न असं सगळं शिस्तीत लावलेलं आहे आणि आतापर्यंत मी एकदाही क्रम मोडलेला नाही. आज मोडते आहे. गेल्या रविवारी व्हिडिओ कॉलवर, इरा, तू मला तुझ्या प्रबंधाबद्दल सांगत होतीस. पावसाच्या जुन्या नोंदी संगणकात भरून पुढचे अंदाज कसे काढतात ते तू फार छान समजावलंस. मी विचारलं, त्या जुन्या नोंदी घेतल्या कुणी? तू हसलीस. म्हणालीस, "आज्जी, त्याने काय फरक पडतो? आकडा तो आकडा. बाईने लिहिला की पुरुषाने, हे त्याला कुठे माहीत असतं?" मागून तुझा भाऊ नील ओरडला, "आज्जी फेमिनिस्ट झाली!" मी आमटी लागतेय असं सांगून फोन ठेवला. आमटी लागत नव्हती, गॅस पेटवलेलाच नव्हता. मला राग आला होता. तो तुमच्यावरचा नव्हता, पण तुमच्यावर निघाला असता. तो कुणावरचा होता, ते आता लिहिते.

लोणावळ्याला स्टेशनच्या पलीकडे आमचं पत्र्याचं घर होतं. अण्णा, म्हणजे माझे वडील, शाळेत इंग्रजी शिकवायचे. आई घर चालवायची. मधूदादा माझ्याहून दोन वर्षांनी मोठा. तुम्हाला दर सुट्टीत चिक्कीचे डबे आणणारे मधूआजोबा ते हेच. मी सतरा वर्षांची होते. पावसाळ्याच्या चार महिन्यांत आमच्या घरात बोलणं जवळजवळ बंदच व्हायचं, कारण पत्र्यावरच्या आवाजात काही ऐकूच यायचं नाही. जेवताना तळहात पुढे केला की भात, करंगळी दाखवली की मीठ, अंगठा दाखवला की ताक. आई वाढताना सगळ्यांच्या हातांकडे बघत राहायची. स्वयंपाकघरात कोळशाची शेगडी दिवसभर धुमसत असायची. तिच्यावर वेताचा टोपलीसारखा मोठा झाप उपडा आणि झापावर आमचे कपडे. त्यामुळे पावसाळाभर आमच्या सगळ्यांच्या अंगाला धुराचा आणि भाताच्या पेजेचा वास यायचा. मिठाच्या बरणीत पाणी व्हायचं, काड्यापेट्या तांदळाच्या डब्यात लपवून ठेवायला लागायच्या आणि अण्णांच्या इंग्रजी पुस्तकांच्या पुठ्ठ्यांवर हिरवी बुरशी चढायची. ती पुसायचं काम माझं. पुसता पुसता मी ती पुस्तकं वाचली. इंग्रजी मला आलं ते बुरशीच्या कृपेने.

त्या काळी पुण्यातल्या एका संस्थेतले एक प्राध्यापक घाटमाथ्यापासून पूर्वेकडे पाऊस कसा कमी होत जातो याचा अभ्यास करत होते. संस्थेचं नाव लिहीत नाही, त्यांचंही नाही. आम्ही सगळे त्यांना प्रोफेसरसाहेब म्हणायचो. रेल्वेच्या रस्त्याने त्यांनी काही घरांत पर्जन्यमापक बसवले होते. एक परंदवडीला होता, एक आमच्या अंगणात. दिसायला अगदी साधी वस्तू. जमिनीत अर्धं पुरलेलं डबडं, वर नरसाळं, आत बाटली. रोज सकाळी साडेआठला बाटली काढायची, पाणी काचेच्या उभ्या नळीत ओतायचं, डोळा पाण्याच्या रेषेशी आणून आकडा वाचायचा आणि वहीत लिहायचा. महिनाअखेर आकड्यांची नक्कल पोस्टाने पुण्याला पाठवायची. नळीवर दशांशाच्या रेघा होत्या. एका नळीत वीस मिलिमीटर मावायचे. पाऊस जास्त असला की नळी भरायची, ओतायची, पुन्हा भरायची. वहीच्या पुठ्ठ्यावर प्रोफेसरसाहेबांनी स्वतःच्या हाताने लिहिलं होतं, निरीक्षक : चि. मधुकर. दादा तेव्हा इंटर नापास होऊन घरी बसला होता आणि या कामाने त्याचा दिवस मार्गी लागेल असं अण्णांना वाटत होतं. जाताना प्रोफेसरसाहेबांनी दादाच्या पाठीवर हात ठेवून सांगितलं, "आषाढ-श्रावणात इथे दिवसाला साठ-सत्तर मिलिमीटर पडायला हवा. माझं गणित तसं सांगतं. बघू या." हे वाक्य लक्षात ठेवा. मी तेव्हा चहाचे कप उचलत होते आणि मलाही ते ऐकू आलं होतं, पण ते माझ्यासाठी नव्हतं.

दादा आठ दिवस उठला. नवव्या दिवशी गोधडीतूनच म्हणाला, "कुमे, आज तू बघ गं." त्यानंतरचे दोन पावसाळे मीच बघितलं. मला कुणी सांगितलं म्हणून नव्हे, मला ते आवडायचं म्हणून. साडेआठ म्हणजे साडेआठ. पाच मिनिटं आधी मी दारात उभी असायचे. त्या घरात बाकी सगळं कुणाच्या तरी मर्जीवर चालायचं, भाजी अण्णांच्या, सण आईच्या, रेडिओ दादाच्या. नळीतली रेषा मात्र कुणाच्याच मर्जीवर नव्हती. ती जिथे होती तिथे होती. मी दोनदा वाचायचे, एकदा डाव्या बाजूने आणि एकदा उजव्या. दूध घालायला वाकसईहून हौसाबाई यायची. तिला माझं हे डोळा लावून वाकणं फार गमतीचं वाटायचं. "काय गं कुमुद, पान्यात नवरा दिसतोय व्हय?" असं ती रोज विचारायची. मी रोज म्हणायचे, "अजून नाही, मावशी." तिनेच मला जुनं इरलं आणून दिलं. बांबूच्या काड्यांत पानं विणलेलं, डोक्यापासून पाठीपर्यंत झाकणारं. छत्रीने हात अडकतो, इरल्याने दोन्ही मोकळे राहतात.

महिन्यातले चार दिवस मात्र मी बघत नसे. आमच्याकडे बाहेर बसायची पद्धत होती. कावळा शिवला म्हणायचे. मागच्या पडवीत माझी सतरंजी, माझं ताट, माझा पेला. आई वाढायची ते वरून, ताटाला न लागता. काही द्यायचं असेल तर जमिनीवर ठेवून मागे सरायची, मग मी उचलायचे. त्या चार दिवसांत मी तुळस, लोणच्याची बरणी, देवघर यांच्या जवळ जायचं नाही आणि पर्जन्यमापकाच्याही नाही. पर्जन्यमापक कधी देव झाला ते मला कळलं नाही. बहुधा त्याच्यावर पुण्याचा शिक्का होता म्हणून. तेव्हा ते चार दिवस वही दादाकडे असायची. तो काय लिहायचा ते मी पाचव्या दिवशी बघायचे. त्रेसष्ट पूर्णांक चार. सहासष्ट पूर्णांक दोन. चौसष्ट. मला वाटायचं, आपण नसताना पाऊस किती शहाण्यासारखा वागतो.

आता दोन गोष्टी सांगते. दोन्ही दुसऱ्या पावसाळ्यातल्या, एकाच महिन्याच्या अंतराने घडलेल्या.

पहिली आषाढातली. सकाळपासून असा पाऊस लागला की समोरची चिंच दिसेना. दुपारी माझ्या लक्षात आलं, बाटली उद्यापर्यंत पुरणार नाही, भरून वाहील आणि सगळा दिवस वाया जाईल. म्हणून मी दुपारी एकदा मोजलं, संध्याकाळी एकदा आणि सकाळी साडेआठला तिसऱ्यांदा. इतक्या नळ्या ओतायच्या तर मोजताना चूक व्हायची भीती. मी इरल्याखाली उजव्या हाताशी चिंचोक्यांचा डबा ठेवला. एक नळी भरून ओतली की एक चिंचोका ओच्यात. सकाळी ओच्यात पंधरा चिंचोके होते आणि शेवटच्या नळीत अठरा पूर्णांक दोन. तीनशे अठरा पूर्णांक दोन. मी सतरंजीवर चिंचोके ओतून पुन्हा मोजले. पंधराच होते. त्या दिवशी हौसाबाई आलीच नाही. दुसऱ्या दिवशी आली ती गुडघ्यापर्यंत चिखलात. खाचराचा बांध गेला होता आणि लावलेला भात त्याच्याबरोबर. ओट्यावर बसून ती आईला म्हणाली, "लय पडला बाय. असा म्या न्हाई बघितला कदी." मी तिला आकडा सांगितला. ती म्हणाली, "लिवून ठेव. आमच्या बांधाचं कोन लिवनार."

दुसरी श्रावणातली. सकाळी मी मोजायला निघाले होते, नळी हातातच होती आणि उंबऱ्याशी मला कळलं की मी बाहेरची झाले आहे. चार दिवस आधीच. आईने माझ्याकडे बघितलं आणि तिला समजलं. ती म्हणाली, "तिथेच थांब. नळीपण घेऊन जा मागे. आता ती चौथ्या दिवसाशिवाय घरात यायची नाही." मी म्हटलं, "अगं, मग मोजायचं कशाने?" आई म्हणाली, "मधू बघेल काय ते." नळी चार दिवस माझ्या सतरंजीशेजारी उभी होती. त्यातले दोन दिवस कोरडे गेले. तिसऱ्या दिवशी तर लख्ख ऊन पडलं आणि आईने घरातल्या सगळ्या गोधड्या काढून मागच्या कुंपणावर टाकल्या. मी पडवीत बसून कावळ्यांपासून त्या राखत होते. पाचव्या दिवशी नाहून मी वही उघडली. चार दिवसांच्या चार नोंदी दादाच्या अक्षरात होत्या. बासष्ट पूर्णांक सहा. पासष्ट पूर्णांक एक. त्रेसष्ट पूर्णांक आठ. चौसष्ट पूर्णांक चार. मी दादाला गाठलं. तो आरशासमोर भांग पाडत होता. म्हणाला, "साठ-सत्तर पाहिजे असं साहेबच म्हणाले होते ना? मग मी त्यांना साठ-सत्तर देतो. तू त्यांना कधी नऊ देतेस, कधी दोनशे. म्हातारा घाबरून मरेल." मला हसू आलं. हे कबूल करायला हवं. त्या दिवशी मी हसले आणि गप्प बसले. त्या हसण्याचा राग मला अजून आहे.

भाद्रपदात प्रोफेसरसाहेब वह्या गोळा करायला आले. या खेपेला ते आणखी एका कामासाठी येणार होते. तसं त्यांनी अण्णांना पत्राने कळवलं होतं. निरीक्षकांपैकी ज्याचं काम चोख असेल त्याला ते पुण्याला आपल्या हाताखाली घेणार होते, राहायची सोय आणि पुढचं विज्ञानाचं शिक्षण संस्थेतर्फे. ते पत्र अण्णांनी मोठ्याने वाचलं तेव्हा पाऊस थांबलेला होता, त्यामुळे शब्द न् शब्द ऐकू आला. मी आठ दिवस झोपले नाही. मला वाटलं, ते वही उघडतील, अक्षर बघतील आणि विचारतील, हे कुणी केलं? मी आरशासमोर उत्तराची तयारी करत होते. इंग्रजीत.

त्यांनी विचारलंही तेच. अण्णांच्या खुर्चीत बसून, वही गुडघ्यावर ठेवून म्हणाले, "ही दोन अक्षरं कशी?" आईने केलेल्या अळूवड्यांची बशी मी त्यांच्यासमोर ठेवत होते. मी तोंड उघडलं, पण अण्णा आधी बोलले. "तिचं अक्षर बरं आहे. मधू वाचून सांगतो, ती लिहिते." अण्णा खोटं बोलत होते असं मला वाटत नाही. साडेआठला ते शाळेच्या गडबडीत असायचे. त्यांना खरोखरच तसं वाटत होतं, आणि सगळे तसंच म्हणत राहिले असते तर एक दिवस दादालाही तसंच वाटायला लागलं असतं.

"मीच वाचते," मी म्हटलं. "महिन्यातले चार दिवस सोडून. जिथे माझं अक्षर आहे तिथे मीच मोजलंय."

प्रोफेसरसाहेबांना आनंद झाल्यासारखा दिसला. एखादं कोडं सुटावं तसा. त्यांनी बॅगेतून आलेखाचा कागद काढला, पसरला आणि अण्णांना बोलावलं. मला नाही. "आता उलगडा झाला, मास्तर. हे बघा. या जागा दिसतात? जिथे रेषा शांत आहे, गणिताशी जुळते, ते मुलाचं अक्षर. आणि जिथे अशी वेड्यासारखी उड्या मारते, ते मुलीचं. मी म्हणतच होतो, निसर्ग असा वागत नाही." लाल पेन्सिल त्यांच्या कानावर होती. ती काढून त्यांनी तीनशे अठराभोवती वर्तुळ काढलं. "हा बघा. त्या दिवशी परंदवडीला बावीस आहे. वीस मैलांवर बावीस आणि इथे तीनशे अठरा? मुलगी पावसाला घाबरली असणार. मोजताना चुकली."

"चुकले नाही. मी चिंचोके ठेवले होते."

"काय ठेवले होते?"

मी सांगितलं. ते इतके हसले की अळूवडी हातातून बशीत पडली. "मास्तर, हे तर मला सांगायलाच पाहिजे सगळ्यांना. चिंचोके!" अण्णाही हसले, पाहुण्याला सोबत म्हणून. हौसाबाई तेव्हा दुधाचा हंडा घेऊन ओट्याशी उभी होती. ती आपणहून म्हणाली, "पोरगी खोटं न्हाई बोलत सायेब. त्या दिशी माजा बांध गेला." प्रोफेसरसाहेब प्रेमाने म्हणाले, "बाई, तुम्ही मोजला होता का पाऊस?" हौसाबाई म्हणाली, "मोजायला कशाला लागतंय? बांध हुता तितं आता वढा हाय. या की बगायला, हितनं तीन कोसांवं." ते गेले नाहीत. वीस मैलांवरच्या परंदवडीची वही त्यांना पुरावा होती, तीन कोसांवरचा फुटलेला बांध नव्हता.

मग त्यांनी श्रावणाचं पान उलटलं आणि दादाच्या चार नोंदींवर बोट ठेवलं. "आणि हे बघा. बासष्ट, पासष्ट, त्रेसष्ट, चौसष्ट. याला म्हणतात निरीक्षण. भावना नाही, घाई नाही." दादा खिडकीशी उभा होता. तो बाहेर बघत होता. मी त्याच्याकडे बघितलं, एकदा, दोनदा. त्याने मान वळवली नाही.

मुलांनो, इथे मला थोडं थांबायला हवं, कारण पुढचं वाक्य बोलायला मला काय लागलं ते तुम्हाला कळणार नाही. तुमच्या न्हाणीघरात या गोष्टीची पाकिटं उघड्यावर ठेवलेली असतात आणि नील दुकानातून ती आणूनही देतो. ते मी बघितलं आहे आणि मला फार बरं वाटलं आहे. आमच्या घरात तो शब्द पुरुषांसमोर उच्चारला जात नव्हता. अण्णांनी आयुष्यात कधी विचारलं नव्हतं की कुमुद पडवीत का बसली आहे. त्यांना माहीत होतं आणि त्यांना माहीत नव्हतं. आणि माझ्याकडे जो पुरावा होता, एकमेव आणि न फुटणारा, तो नेमका त्याच शब्दामागे होता.

"ते चार दिवस नळी माझ्याजवळ होती," मी म्हटलं.

"तुझ्याजवळ म्हणजे?"

"कुमुद, आत जा," अण्णा म्हणाले. त्यांना पुढचं दिसलं होतं.

मी गेले नाही. "मी बाहेर बसले होते. नळी माझ्या हातात असतानाच मला कळलं. माझा हात लागला म्हणून ती चार दिवस घरात घेतली नाही. मागच्या पडवीत माझ्या सतरंजीजवळ होती. मग दादाने बासष्ट पूर्णांक सहा मोजलं ते कशाने? तो पूर्णांक सहा आला कुठून?"

 प्रोफेसरसाहेबांचे कान लाल झाले, त्यांच्या पेन्सिलीइतके. त्यांनी पेन्सिल खाली ठेवली, पुन्हा उचलली. अण्णा जमिनीकडे बघत होते. मग प्रोफेसरसाहेब घसा खाकरून म्हणाले, "हे बघ, या घरगुती गोष्टी आहेत. शास्त्रात आणायच्या नसतात."

"मी नाही आणल्या. तुमच्या वहीत आहेत. दर महिन्याला चार दिवस अक्षर बदलतं ते बघा. आणि तिसऱ्या दिवशी तर पाऊसच नव्हता. परंदवडीची वही काढा."

"परंदवडीचा इथे काय संबंध?" ते म्हणाले. अगदी सहज. पाच मिनिटांपूर्वी काढलेलं लाल वर्तुळ त्यांच्या अंगठ्याखाली होतं.

तेवढ्यात स्वयंपाकघराच्या दारातून आईचा आवाज आला. माझी आई परक्या पुरुषासमोर बोलत नसे. तिने पदर डोक्यावर घेतला होता आणि तिच्या हाताला बेसन लागलेलं होतं. "नळी मागेच होती," ती म्हणाली. "मीच ठेवायला लावली. आणि तिसऱ्या दिवशी मी गोधड्या उन्हात टाकल्या होत्या. अकरा गोधड्या. पाऊस असता तर टाकल्या असत्या का?"

प्रोफेसरसाहेब उठून उभे राहिले, बाईमाणूस बोललं म्हणून. तेवढे ते सभ्य होते. "वहिनी, तुमच्याबद्दल आदर आहे. पण आई मुलीची बाजू घेणारच." मग अण्णांकडे वळून म्हणाले, "मास्तर, तुम्ही सांगा. तुमचं काय मत?"

अण्णांनी वर बघितलं नाही. "माझा मुलगा खोटं लिहिणार नाही."

"झालं तर मग," प्रोफेसरसाहेब म्हणाले आणि वही मिटली.

गेली पन्नासाहून अधिक वर्षं मी ते संभाषण मनात मांडते आणि प्रत्येक वेळी माझी मूठ वळते. आई मुलीची बाजू घेत होती, म्हणून तिची साक्ष बाद. बाप मुलाची बाजू घेत होता, ती मात्र साक्षच नव्हती, तो निकाल होता. हौसाबाईचं नुकसान झालं होतं, म्हणून तिचं बोलणं पक्षपाती. ज्याचं गणित पणाला लागलं होतं तो माणूस निःपक्षपाती, कारण खुर्चीत तो बसला होता. आणि दादाच्या ज्या आकड्यांना ते निसर्ग म्हणत होते, तो त्यांचाच आवाज होता. साठ-सत्तर, असं त्यांनी दादाच्या पाठीवर हात ठेवून सांगितलं आणि दादाने तेच दशांश लावून परत दिलं. आपलंच बोलणं दुसऱ्या पुरुषाच्या अक्षरात वाचून ते म्हणाले, भावना नाही, घाई नाही. इरा, मला वस्तुनिष्ठतेचा राग नाही. तसं समजू नकोस. पावसात वाकून, दोन्ही बाजूंनी डोळा लावून मी तीच तर पाळत होते. माझा राग हा आहे की पाळली मी आणि नाव मिळालं त्यांना. तू म्हणालीस, आकड्याला माहीत नसतं तो कुणी लिहिला. आकड्याला नसेल. खोडणाऱ्याला असतं.

दादा पुण्याला गेला. माझं विज्ञानाला जायचं ठरत होतं, तो विषय त्या दिवसानंतर कुणी काढला नाही. अण्णा म्हणाले, तुझं इंग्रजी चांगलं आहे, बी.ए. कर. मी केलं आणि तीस वर्षं शिकवलं. वाईट शिकवलं असं कुणी म्हणणार नाही. प्रोफेसरसाहेबांचा अहवाल पुढे छापून आला तेव्हा दादाने एक प्रत घरी आणली. त्यात आषाढातल्या त्या दिवसापुढे सदुसष्ट होते. तळाशी बारीक अक्षरात टीप होती, निरीक्षकाच्या चुकीची दुरुस्ती केली आहे. शेवटच्या पानावर चि. मधुकर यांचे आभार. श्रावणातला तो उन्हाचा दिवस, ज्या दिवशी मी गोधड्या राखत बसले होते, त्या दिवशी लोणावळ्याला त्रेसष्ट पूर्णांक आठ मिलिमीटर पाऊस पडला असं छापलेलं आहे आणि तसंच राहील. म्हातारपणी दादा लग्नाकार्यात सगळ्यांसमोर म्हणायचा, "आमच्या कुमीचा पाऊस वाहून गेला, माझा अजून कोरडा आहे बघा." सगळे हसायचे. मीही हसायचे. तो मनाचा वाईट नव्हता. तुम्ही त्याच्यावर प्रेम करा, मी केलं. पण त्याने एकदा खिडकीतून मान वळवायला हवी होती.

आता त्या वर्षीचा शेवट सांगते आणि थांबते. प्रोफेसरसाहेब वही घेऊन गेले. डबडं आणि नळी पुढच्या वर्षी नेऊ म्हणाले. दादा गेल्यावर नळी फडताळात उभी होती, मी तिच्याकडे बघत नसे. आश्विनात परतीचा पाऊस आला. त्या दिवशी मी मागच्या पडवीत होते, पहिलाच दिवस. सकाळची वेळ. पत्र्यावर पाऊस वाजत होता आणि मी गुडघ्यांत डोकं घालून बसले होते. पावलं वाजली म्हणून वर बघितलं. आई समोर उभी होती. तिच्या हातात नळी होती.

मला वाटलं, ती जमिनीवर ठेवेल आणि मागे सरेल. मी वाट बघितली. तिने ठेवली नाही, हात पुढे केला.

"साडेआठ होत आले," ती म्हणाली.

"आता कोण बघणार आहे, आई? वही नेली त्यांनी."

"पडतोय ना? मग मोज."

मी नळी घेतली तेव्हा तिची बोटं माझ्या बोटांना लागली. तिने ती काढून घेतली नाहीत. क्षणभर आम्ही दोघींनी ती नळी धरून ठेवली होती. मग ती वळली आणि आंघोळ न करता सरळ चुलीपाशी गेली. तिने भात ठेवल्याचा आवाज मी ऐकला. माझ्या आईने तसं आयुष्यात कधी केलं नव्हतं. त्या दिवशी घरात सगळे तो भात जेवले आणि अण्णा काही बोलले नाहीत.

मी इरलं घेतलं आणि अंगणात गेले. बाटली काढली, ओतली, डाव्या बाजूने वाचलं, उजव्या बाजूने वाचलं. एक चिंचोका आणि वर तीन पूर्णांक सहा. भूगोलाच्या जुन्या वहीचं कोरं पान काढून मी तारीख घातली, वेळ घातली आणि तेवीस पूर्णांक सहा असं लिहिलं. मग निरीक्षक असं लिहून त्याच्यापुढे माझं पूर्ण नाव घातलं.